मोठीची टाच, धाकटीची मान

१

भिंगवाला म्हणाला, "दोन नंबर खोटी आहे," आणि दोन तासांत दादाच्या दुकानाला सील लागलं.

खोटी म्हणजे बंदूक. वकीलसाहेबांची जोडी सगळ्या गावाला ठाऊक होती. दोन दुनळी बंदुका, एका कारखान्यातल्या, एका कारागिराच्या हातच्या, दोघींचे दस्ते अक्रोडाच्या एकाच फळीतून कापलेले. वरच्या खटक्यावर सोन्याच्या तारेत एकीवर एकचा आकडा, दुसरीवर दोनचा. वय शंभरच्या पुढे. अशी जोडी अख्खी असली तर शौकीन माणूस तिच्यासाठी घर गहाण टाकतो. फुटली की उरलेली म्हणजे एका पायातली चप्पल.

वकीलसाहेब आठ महिन्यांपूर्वी वारले आणि बाईसाहेबांनी जोडी विकायला काढली. दोन नंबरचा खटका सैल होता म्हणून जोडीची पेटी आधी दादाच्या दुकानात आली, अडीच महिने राहिली, गुरुवारी परत गेली. शनिवारी लिलाववाल्यांचा पारखी ती तपासायला आपल्या ऑफिसात घेऊन गेला. याला सगळे भिंगवाला म्हणत, कारण तो जेवतानाही भिंग गळ्यातून काढत नसे. सोमवारी त्याने बाईसाहेबांना, त्यांच्या जावयाला आणि फौजदारांना बोलावून पेटी उघडली. एक नंबर अस्सल. दोन नंबरच्या जागी त्याच कारखान्याची हलकी बंदूक, जुना आकडा कानसून नवा ठोकलेला. आणि आकडे ठोकायचे पंच, म्हणजे पोलादी ठसे, गावात एकाच दुकानात. झालं. चोर मिळाला, हत्यार मिळालं, फौजदार जेवायला मोकळे.

सील लावायला शिपाई आले तेव्हा आक्का दुकानाच्या मागच्या अर्ध्या भागात रंधा मारत होती. ती दादाची धाकटी बहीण, पण दादा सोडून सगळं गाव तिला आक्का म्हणे. तीस वर्षं ती त्या अर्ध्या भागात बंदुकांचे दस्ते घडवत होती. दारावरच्या पाटीवर लिहिलं होतं 'बंदूक दुरुस्ती', खाली दादाचा परवाना क्रमांक. लाकूड कोण करतं असं कुणी विचारलं तर दादा सांगे, घरचंच आहे. घरचं पीठ, घरचं मीठ, घरची आक्का.

त्या दिवशी दोघं घरी येऊन बसली. म्हणजे दादा बसला. आक्काला बसवेना. ती खिडकीपाशी जाई, दाराशी जाई, पुन्हा खिडकीपाशी. कामाच्या कोटाच्या खिशात अक्रोडाची बोटभर लांबीची एक कपची होती, तिची एक बाजू ती अंगठ्याने घासत राही. दुसऱ्या बाजूला मात्र बोट लावत नसे.

दादा सांगत होता की शुक्रवारी अकराला फौजदार सगळ्यांना बसवून शेवटचं विचारणार आणि कागद वर पाठवणार. परवाना रद्द, आणि तो तिथूनच आत. हे त्याने असं सांगितलं जणू दुसऱ्याच्या घरचं मयत होतं.

"तू भांडत का नाहीस?" आक्का म्हणाली.

"कशावर भांडू? खटका मी बसवला. शिक्क्यांकडे पाहिलं नाही. कोण पाहतं?"

"माझं थिगळ पाहू. बंदूक आपल्याकडून गेली तेव्हा खरी असेल तर तिच्या मानेत माझं थिगळ होतं. आता जी आहे तिच्यात नसेल, तर ती आपल्या दारातून गेल्यावर बदलली."

दादाने दिवसभरात पहिल्यांदा मान वर केली.

"कसलं थिगळ?"

२

दस्त्याची मान म्हणजे अंगठ्यामागचा बारीक भाग, हात जिथे मुठीसारखा बसतो तिथला. बंदूक पडली तर तिथेच फुटते. दोन नंबरच्या मानेला केसाएवढी चीर होती. दादा लोखंडात डोकं घालून बसलेला असताना आक्काने ती चीर कोरून काढली आणि तिथे अक्रोडाचा एक लांबट तुकडा बसवला. माशाच्या आकाराचा, रेषेला रेष जुळवून. वर तेल चोळलं आणि काम संपलं. सांगितलं कुणालाच नाही. दादाला सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, आपल्याला खटका सांगितलाय, गप बस.

बुधवारी सकाळी ती फौजदारांच्या खोलीत उभी होती. टेबलावर दोन्ही बंदुका. एक नंबर मोहोरबंद कापडी पिशवीत, तोंडाशी लाख. सोमवारी भिंगवाल्याच्या ऑफिसातच सगळ्यांसमोर तिची पिशवी शिवली होती. खोटी मात्र उघडी. फौजदार हा माणूस वाईट नव्हता, फक्त त्याला सगळं लवकर संपवायचं असे. बोलताना तो पेनचं टोपण काढी आणि लावी.

आक्काने खोटीची मान दोन्ही अंगठ्यांखाली घेतली आणि डोळे मिटले. थिगळ नव्हतं. मग तिने डोळे उघडून लाकूड पाहिलं, आणि तिच्या तोंडून शिवीच यायची राहिली.

"साहेब, हे रंगवलंय."

लाकडातली काळी रेघ काही वर काढलेली नसते, ती आरपार असते; उजवीकडून निघाली की कडेवरून वळते आणि डावीकडे कुठेतरी निघतेच. इथे उजव्या अंगावर नागमोडी देखणी नक्षी होती आणि कडेला आली की संपत होती, भिंतीवर चिकटवलेल्या कागदासारखी. कुणीतरी साध्या लाकडावर कुंचल्याने शंभर वर्षांचं झाड काढलं होतं. आणि नक्षी होती हुबेहूब दोन नंबरची. म्हणजे काढणाऱ्यासमोर एकतर बंदूक होती, नाहीतर तिचा फोटो.

मग तिने नळ्या उतरवून त्यांचं सपाट पोट वर केलं. कारखान्याचे शिक्के तिथेच असतात: चाचणीचा मुकुट, वजनाचा आकडा, आणि बंदुकीचा क्रमांक. क्रमांकात चारचा आकडा होता. चांगला, धडधाकट चार.

"दादाच्या पंचातला चार लंगडा आहे. पाय तुटून बारा वर्षं झाली. त्याने ठोकलेला प्रत्येक चार लंगडतो. दुकान उघडून बघा."

फौजदारांनी टोपण लावलं. "चोरीसाठी माणूस नवा पंच आणू शकतो, आक्का."

"थिगळ नाहीये यात."

"तुमचं थिगळ दिसत नाही ते नाही म्हणून, की इतकं झकास आहे म्हणून? मला दोन्ही सारखंच दिसतं. दुकानाच्या वहीत आहे का ते?"

वही टेबलावरच होती. तारखेसमोर दादाच्या अक्षरात एकच ओळ: खटका सैल, नीट केला. बास. तीस वर्षांच्या त्या वह्यांत लाकडाचा शब्द नव्हता. ज्याला रकाना नाही ते काम झालेलंच नसतं, हे आक्काला त्या दिवशी सरकारी खुर्चीसमोर उभं राहून कळलं.

"बरं, थिगळाला लाकूड कुठलं वापरलंत? त्याची पावती, काही?"

आक्काची नजर टेबलावरच्या पिशवीकडे गेली, जिथे कापडातून एक नंबरच्या दस्त्याची टाच, खांद्याला टेकणारं टोक, वर आली होती. तिने नजर तिथून काढून घेतली.

"होतं जवळ," ती म्हणाली. सगळ्या प्रकरणात ती तेवढं एकच खोटं बोलली, आणि ते बोलताना तिचा हात खिशात होता.

३

बाईसाहेबांच्या घरी दार जावयाने उघडलं. दार उघडतानाच त्याने तोंड असं केलं जसं कुणी वर्गणी मागायला आलंय. आक्काने त्याला सरळ विचारलं की गुरुवार ते शनिवार पेटी कुणाच्या ताब्यात होती. तो म्हणाला, माझ्या, पुढे? सहा महिन्यांपूर्वी दुकानात येऊन दोन नंबर एकटी विकली तर किती येतील असं दादाला कोण विचारून गेलं होतं? मीच, तो म्हणाला, आणि विचारणं हा गुन्हा आहे का? बोलता बोलता तो लाल झाला. ज्याच्या पोटात काही नसतं तो इतका लाल होत नाही.

"मानेला चीर कशी पडली होती?" आक्काने मध्येच विचारलं.

जावयाने आतल्या दाराकडे पाहिलं. आतून बाईसाहेबांचा आवाज आला.

"सांगून टाका आता जावईबापू. साहेबांच्या तेराव्याला शौर्य दाखवत होतात ते."

त्याने पाहुण्यांसमोर बंदूक खांद्याला लावून दाखवली होती आणि ती हातातून सुटली होती. म्हणून लाल. आठ महिने तो ती चीर पोटात घेऊन हिंडत होता आणि सासूला ती पहिल्या दिवसापासून माहीत होती.

बाईसाहेबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. चाळीस वर्षं दर रविवारी त्यांनी दोन्ही बंदुका मऊ फडक्याने पुसल्या होत्या. त्यांनी आक्काला जवळ बसवलं. ती दोन मिनिटं बसली आणि पुन्हा उभी राहिली. त्या सांगत होत्या की गुरुवारी पेटी आली तेव्हा त्यांनी सवयीने पुसून ठेवली. दोन नंबर पुसताना फडकं अडकलं नाही. चीर पडल्यापासून ते मानेवर दर वेळी अडकायचं. त्यांना वाटलं, मिस्त्रींनी बरं केलं, न सांगता केलं.

"हे फौजदारांना सांगितलंत?"

"सांगितलं. तो म्हणाला, आजी, तुम्हाला दिसत नाही. मी म्हटलं, बाळा, मी डोळ्यांनी पुसत नाही."

म्हणजे गुरुवारी खरी बंदूक या घरात होती. सोमवारी नव्हती. मध्ये दोघांचेच हात: जावई आणि भिंगवाला. जावयाला जोडी विकून बाहेर पडायची घाई होती, आणि आता एक नंबर एकटी, मिळेल त्या भावाला जाणार होती. कोण घेणार, तेही ठरलं होतं. दया म्हणून भिंगवालाच स्वतःसाठी ठेवून घेणार होता.

"दया," आक्का म्हणाली. तिच्या तोंडात तो शब्द खड्यासारखा वाजला.

निघताना बाईसाहेबांनी भिंगवाल्याच्या अहवालाची आपली प्रत तिला दिली. चोवीस पानं, सगळे फोटो मूळ आकारात असल्याची पहिल्या पानावर फुशारकी. शिक्क्यांवर अकरा पानं. आक्का पायरीवरच उभ्याने वाचू लागली. लाकडावर एकच ओळ होती, दहाव्या पानाच्या तळाशी, जिन्याखाली झोपवलेल्या गरीब नातेवाइकासारखी.

'दोन्ही दस्ते उत्कृष्ट अक्रोडाचे, एकाच फळीतले.'

तिने ती तीनदा वाचली. दोन्ही? तो रंगवलेला ओंडकाही?

४

भिंगवाल्याचं ऑफिस काचेचं होतं. भिंतीभर बंदुका, प्रत्येकीखाली छापील चिठ्ठी, आणि मधे तो, स्वतःच्या आवाजावर खूश. आक्काला त्याने बसायला सांगितलं नाही, ते बरंच झालं.

शिक्क्यांबद्दल विचारलं तेव्हा त्याने मन लावून सांगितलं, आणि खरं म्हणजे चांगलं सांगितलं. कारखान्यात शिक्का आधी ठोकतात, मग नळी घासतात आणि काळी करतात; त्यामुळे अस्सल शिक्क्याच्या कडा बसलेल्या असतात आणि काळं आकड्याच्या तळापर्यंत गेलेलं असतं. मागाहून ठोकलेल्याच्या कडा वर उठतात, नखाला लागतात. आणि कोणता मुकुट कोणत्या सालापासून, हे त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी येत होतं. माणूस नाकाने कांदे सोलत होता, पण कांदे खरे होते.

"आणि लाकूड?" आक्काने विचारलं.

"लाकूड काय, बाई. लाकूड बदलता येतं. शिक्का खोटं बोलत नाही."

आक्काने कपची घट्ट धरली. तिने विचारलं की बंदूक खोटी आहे हे त्याला नक्की कधी कळलं. तो म्हणाला, शनिवारी, पेटीचं झाकण उघडताक्षणी. मागच्याच वर्षी विम्यासाठी वकीलसाहेबांनी ही जोडी त्याला दाखवली होती. तेव्हा त्याने फोटो काढले होते, क्रमांक उतरवले होते, तेव्हा दोन्ही अस्सल होत्या. म्हणून तर फरक लगेच डोळ्यात भरला.

"म्हणजे तुमच्या या ऑफिसात खरी दोन नंबर आलीच नाही."

"एक क्षणही नाही. लिहून देतो."

"द्या," आक्का म्हणाली.

तो हसला. पण ज्याला स्वतःच्या सहीचा अभिमान असतो तो सही करतोच. अहवालाच्या पाठीवर त्याने ते लिहून दिलं, तारीख घातली, खाली रेघ ओढली.

रस्त्यावर येऊन आक्काने अकरावं पान उघडलं. तिथे दोन दस्त्यांचा शेजारी शेजारी फोटो होता, लाकडाच्या त्या एका ओळीची सोबत म्हणून टाकलेला. तिने आपलं छोटं भिंग लावलं. माणसं धक्का देऊन जात होती, एकाने तर आंधळी आहे का म्हणून विचारलं. दोन नंबरच्या मानेवर, नीट शोधलं तर, एक काळी रेघ दोन फाट्यांत फुटत होती आणि पुन्हा एक होत होती. मधे तांदळाएवढा पांढरा ठिपका.

तिचं थिगळ.

खरी दोन नंबर, दुरुस्त झालेली, या माणसाच्या कॅमेऱ्यासमोर होती. त्याने शिक्क्यांचे फोटो खोटीचे लावले, लाकडाचा खरीचाच राहू दिला. लाकडाकडे बघतो कोण?

आक्का हसली, आणि हसू अर्ध्यावरच थांबलं. हे थिगळ तिचं आहे हे सिद्ध करायचं तर एक नंबरची टाच उघडावी लागणार होती. आणि ती उघडली की चोर एक नव्हे, दोन निघणार होते.

५

शुक्रवारी अकराला फौजदारांच्या खोलीत पाच खुर्च्या होत्या आणि आक्का भिंतीशी उभी होती. दादा घरून चप्पल बदलून आला होता, लांबच्या प्रवासाला निघाल्यासारखा. फौजदारांनी टोपण काढलं आणि विचारलं, कुणाला काही बोलायचंय का.

आक्का पुढे आली. तिने फोटोचं पान टेबलावर ठेवलं आणि भिंगवाल्याने लिहून दिलेलं त्याच्या शेजारी.

ती सांगत गेली. गुरुवारी बाईसाहेबांनी खरी बंदूक पुसली. शनिवारी ती पेटीतून या गृहस्थांकडे गेली. सोमवारी पेटीत निघाली ती रंगवलेल्या लाकडाची, आणि रंगवणाऱ्यापुढे दोन नंबरचा फोटो होता. तसा फोटो मागच्या वर्षापासून कुणाकडे आहे? क्रमांक कुणाकडे आहेत? शिवाय त्या रंगवलेल्या मानेवर चीरही नाही आणि थिगळही नाही, कारण फोटो दोन्हींच्या आधीचा. वर्षभर निवांत बसून एक खोटी बहीण तयार करायला वेळ कुणाला होता? आणि जोडी फुटली तर एकटी एक नंबर मातीमोलाने कुणाच्या घरी जाणार होती, जिथे तिची धाकटी आधीच कपाटात बसलेली आहे?

"चोराने चोरी स्वतःच उघड केली, म्हणून त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही," ती म्हणाली. "हा लाकडाचा फोटो खऱ्या दोन नंबरचा आहे. आणि हे म्हणतात, ती यांच्याकडे आलीच नाही."

भिंगवाल्याने घाई केली नाही. त्याने पान उचललं, पाहिलं, खाली ठेवलं.

"चूक झाली. हा मागच्या वर्षीचा विम्याचा फोटो आहे. चुकून लागला. फाशी द्या."

जावई हसला. फौजदार हसण्याच्या बेतात होते. दादाने डोळे मिटले.

"मागच्या वर्षीचा," आक्का म्हणाली. "नक्की?"

"नक्की."

"मग त्यात दोन महिन्यांपूर्वीचं माझं थिगळ कसं?"

तिने बोट ठेवलं. सगळे वाकले. भिंगवाल्यानेही गळ्यातलं भिंग लावलं आणि मग तो म्हणाला की त्याला तिथे लाकूड दिसतंय, सलग लाकूड, आणि बाईंना जे दिसतंय ते भावाच्या मायेपोटी. फौजदारांनी आक्काकडे पाहिलं. त्या नजरेत पहिल्यांदाच घाई नव्हती, पण विश्वासही नव्हता.

आता बोलायला हवं होतं. आक्काने बाईसाहेबांकडे तोंड केलं, फौजदारांकडे नाही.

"बाईसाहेब, मी तुमची चोरी केलीय. एक नंबर उघडायला सांगा. टाचेची शिंगाची पट्टी काढा, दोन स्क्रू आहेत."

खोलीत फक्त टोपणाचा आवाज झाला. मग तोही थांबला. फौजदारांनी लाख फोडली, पिशवी उसवली. स्क्रू आक्काला काढू दिले नाहीत; शिपायाने काढले, आणि एक घसरवलाही, ते पाहून तिला मारल्यासारखं झालं. पट्टी निघाली. आत, चांगल्या अखंड लाकडात, बोटभर खोल कापलेला एक स्वच्छ खाचा होता. त्याच्या कडेला सुताराच्या पेन्सिलीने लिहिलेली तारीख. दोन महिन्यांपूर्वीची.

"दोघी एका फळीतल्या," आक्का म्हणाली. "कापणाऱ्याने लाकूड वाचवायला उलटसुलट मांडून कापल्या. मोठीची टाच जिथे होती तिथेच शेजारी धाकटीची मान. त्या मानेला जुळेल असं लाकूड सगळ्या जगात एकाच ठिकाणी होतं. दुसरं लावलं असतं तर थिगळ ओरडलं असतं. म्हणून मी मोठीच्या टाचेतून काढलं. विचारलं नाही. विचारलं असतं तर नाही म्हणाला असता. तुम्हीही, दादाही."

तिने दादाकडे पाहिलं नाही. खिशातून कपची काढली.

"काढलेला तुकडा मी मधोमध चिरला, पुस्तक उघडावं तसा. एक पान धाकटीच्या मानेत. हे दुसरं."

फौजदारांनी कपची घेऊन खाच्यात सरकवली. ती आत गेली, एका बाजूला चिकटून बसली, आणि खाच्याची अर्धी जागा रिकामी राहिली. तेवढीच जागा जेवढी दुसऱ्या पानाला लागते. मग आक्काने ती काढून घेतली, जिला इतके दिवस बोट लावलं नव्हतं ती बाजू वर केली, आणि थुंकी लावून अंगठा फिरवला. कोरड्या लाकडातून नक्षी उठली: एक काळी रेघ, दोन फाटे, पुन्हा एक, मधे तांदळाएवढा ठिपका.

"समोरासमोरची पानं आहेत, म्हणून उलटी दिसते. तो आरसा घ्या."

भिंतीवरचा आरसा टेबलावर आला. आरशात कपची, शेजारी फोटो. मूळ आकारात. फौजदार एकदा इकडे, एकदा तिकडे पाहत राहिले. जावई म्हणाला, "अरेच्चा." बाईसाहेबांना दिसत नव्हतं, त्या म्हणाल्या, जुळलं का? कुणी उत्तर दिलं नाही, म्हणून त्यांना कळलं.

भिंगवाल्याने पुन्हा भिंग लावलं. तो आता खरंच पाहत होता, आयुष्यात पहिल्यांदा लाकडाकडे पाहत होता. एक नंबर सोमवारपासून लाखेत होती, त्याआधी त्याच्याच ऑफिसात, त्याआधी बाईसाहेबांकडे. खाचा मागाहून पाडला म्हणायलाही त्याला जागा नव्हती. शिक्क्यांवर त्याने अकरा पानं लिहिली होती. त्यातला एकही शिक्का त्याच्या मदतीला आला नाही.

फौजदारांनी टोपण खिशात टाकलं आणि शिपायांना त्याच्या ऑफिसाच्या चाव्या मागून घ्यायला सांगितलं.

६

दोन नंबर जुन्या कॅटलॉगांच्या मागे सापडली, तीन तुकडे करून फ्लॅनेलमध्ये गुंडाळलेली. बाजूला पंचांचा नवा डबा, त्यातला चार धडधाकट. फौजदारांनी संध्याकाळी स्वतः येऊन दुकानाचं सील काढलं. ते माफीसारखं काहीतरी बोलले, आणि एवढं मात्र विचारून गेले की त्यांच्या घरच्या लाकडी पलंगाला चीर आहे, ती जमेल का.

बाईसाहेबांनी जोडी विकायचं रद्द केलं. दोघी बहिणी हातात घेऊन त्यांनी मानेवरून अंगठा फिरवला, मग टाचेवरून, मग त्या आक्काला म्हणाल्या, "काम देवाच्या हातचं आहे. पण माझ्या वस्तूला तू न विचारता पटाशी लावलीस. तुझ्या दुकानात मी पुन्हा काही पाठवणार नाही." आक्का बरं म्हणाली. काय म्हणणार? बाई खरं बोलत होती. तिने कपची त्यांच्यासमोर ठेवली. ती त्यांची होती.

दुकानात परत आल्यावर दादाने दिवा लावला, हत्यारं जागच्या जागी आहेत का पाहिलं, आणि मग जे आठवडाभर साचलं होतं ते काढलं. चांगल्या बंदुकीची टाच कापलीस. मला न सांगता. माझ्या परवान्यावर. एक गिऱ्हाईक गेलं, सगळ्यांत जुनं. तू वाचवलंस असं म्हणू, का तू बुडवलंस असं म्हणू?

आक्का इकडून तिकडे फिरत होती. खिसा रिकामा होता, अंगठ्याला काही सापडत नव्हतं.

"तुझ्या वहीत लाकडाला रकाना असता," ती म्हणाली, "तर विचारून कापलं असतं. लिहून कापलं असतं. आणि सोमवारी सकाळीच हे संपलं असतं. घरचंच आहे म्हणून सांगत फिरलास ना तीस वर्षं? घरच्याने घरच्यासारखं केलं."

 दादा कानस उलटसुलट करत राहिला. मग त्याने वही ओढली, दोन महिन्यांपूर्वीचं पान काढलं आणि 'खटका सैल, नीट केला' या ओळीच्या उजवीकडे पट्टी न घेता वरपासून खालपर्यंत रेघ ओढली. ती वाकडी गेली. वर त्याने लिहिलं: लाकूड. आणि पेन्सिल तिच्यापुढे धरली.

"लिही. काय केलंस ते."

आक्काने पेन्सिल घेतली. आधी खिशातून चाकू काढून तिचं टोक केलं, कारण असल्या बोथट टोकाने कुणी लिहितं का. मग ती स्टुलावर बसली, आणि त्या आठवड्यात पहिल्यांदाच बसून राहिली.